जात्यावरचा जिक्र

अल्लाहचे स्मरण अरबीतच करावे की मायबोलीत? हा वाद फार जुना. कूफ्याचे इमाम अबू हनीफा (मृत्यू इ.स. 767) यांनी नमाजात फारसीतून पठणाला मुभा दिली, अबू यूसुफ आणि मुहंमद अश्-शैबानी या त्यांच्या शिष्यांनी ती अरबी न येणाऱ्यांपुरतीच ठेवली.

जात्यावरच्या ओव्या अभ्यासताना मला नमाजाबाहेरच्या स्मरणाचे एक निराळे उत्तर विजापुरात सापडले. तिथल्या सूफींच्या परंपरेत सतराव्या शतकात दखनीत ‘चक्कीनामे’ रचले गेले. रिचर्ड ईटन यांनी 1978 साली विजापूरच्या सूफींवरील ग्रंथात त्यांचा अभ्यास मांडला. दळताना बायकांनी म्हणायची ही गाणी. त्यांत जात्याचा खुंटा म्हणजे ‘अल्लाह’मधला अलिफ. अर्थ दखनीत उलगडतो, पण ध्रुपदातला नामघोष अरबीच राहतो.

इमामांपुढे नमाजाचा नियम होता, या बायकांपुढे दळण. दोन भाषांतून एक निवडण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही. काही चक्कीनाम्यांवर सूफींची नावे आहेत. ते म्हणणाऱ्या बायकांची नाहीत. म्हणूनच धर्माचा इतिहास लिहिताना फतव्यांइतकेच जातेही ऐकावे, असे मला वाटते.