संमतीचा अंगठा

शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाची लेखी संमती घेतली पाहिजे, याविषयी आज दुमत नाही. परंतु ती संमती कोणी द्यावी आणि कागदावरील मजकूर कोणत्या भाषेत असावा, या दोन प्रश्नांचा इतिहास सहजासहजी विसरण्याजोगा नाही.

नाझी डॉक्टरांनी छळछावण्यांतील बंदिवानांवर केलेल्या प्रयोगांबद्दल न्यूरेंबर्ग येथे खटला चालला. 1947 साली त्याच्या निकालातून जी संहिता निघाली, तिचे पहिलेच कलम स्वेच्छेने दिलेल्या संमतीचे होते. पुढे 24 नोव्हेंबर 1957 रोजी पोप बारावे पायस यांनी भूलतज्ज्ञांना सांगितले, की रुग्णाने परवानगी दिल्यावाचून त्याच्यावर उपचार करण्याचा स्वतंत्र अधिकार डॉक्टरला सामान्यतः नाही.

हे विचार आपल्या अरण्यप्रदेशात कसे पोहोचले? 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. 1986 पासून तेथे डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी कार्य आरंभिले. वसा व अमिर्झा या गावांतील 650 स्त्रियांची त्यांनी तपासणी केली. त्यांचा अहवाल 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. पूर्वी अशी तपासणी झालेल्या मात्र केवळ 8 टक्के होत्या. जिच्या दुखण्याची कोणी विचारपूसच केली नाही, तिच्यापुढे एकाएकी संमतिपत्र ठेवले, तर ती त्यावर अंगठा उमटवील; पण त्याला संमती म्हणता येईल काय? त्यातही भामरागडकडील माडिया स्त्रीला मराठी मजकूरसुद्धा परका, मग इंग्रजीची कथा काय सांगावी!

दुसरा प्रश्न अधिकाराचा. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या विनियमांत शस्त्रक्रियेस संमती देणाऱ्यांमध्ये पती किंवा पत्नीचा उल्लेख आधी येतो, स्वतः रुग्णाचा शेवटी. 16 जानेवारी 2008 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात हा विषय स्पष्ट केला. भुलेखाली असलेल्या प्रौढ स्त्रीचे गर्भाशय तिच्या आईच्या संमतीने काढले होते; ती संमती न्यायालयाने ग्राह्य धरली नाही. देह जिचा, होकारही तिचाच.

कायदा असूनही अनर्थ टळत नाही. शेजारच्या छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ 8 नोव्हेंबर 2014 रोजी एका शिबिरात 83 स्त्रियांवर नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतील अनेक जणी दगावल्या. त्यानंतर 14 सप्टेंबर 2016 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नसबंदीची माहिती स्थानिक भाषांतून देण्याचा व ती समजावून सांगण्याचा आग्रह धरला.

तेव्हा संमतिपत्र कसे असावे? ते आटोपशीर असावे. आजार कोणता, शस्त्रक्रिया कोणती, धोका कोणता, दुसरा उपाय आहे काय, आणि शस्त्रक्रिया न केल्यास काय होईल, एवढे त्यात सोप्या शब्दांत यावे. ते रुग्णाच्या बोलीत मोठ्याने वाचून दाखवावे. नंतर ‘आता तुम्ही मला सांगा’ असे म्हणून तिचे उत्तर ऐकावे. तातडी नसेल तर घरी विचार करण्यास रात्रभराचा अवधी द्यावा. दुभाष्याचे नाव पत्रावर असावे, एक प्रत रुग्णाजवळ राहावी, आणि नकार देणाऱ्यास कोणी रागावू नये.

आपल्या कुटुंबांतील ज्या तरुणांना गोंडी किंवा माडिया बोली अवगत आहे, त्यांना येथे मोठी सेवा करता येईल. रुग्णाच्या खाटेशेजारी बसून तो कागद तिच्या भाषेत सांगावा, तिच्या शंका डॉक्टरांपर्यंत न्याव्यात. मग उमटलेला अंगठा खऱ्या अर्थाने तिचा असेल.