डोळ्यांपुढच्या माश्या

बार्शीकडच्या उघड्या माळावर ही गोष्ट लवकर ध्यानात येते. ज्वारीच्या काढणीत कंबर सरळ करून आभाळाकडे पाहावे, तर लख्ख उजेडात एखादा काळा ठिपका, एखादा पीळ पडलेला धागा तरंगताना दिसतो. त्याच्याकडे नजर वळवावी तर तो पुढे पळतो, नजर थांबली की सावकाश खाली उतरतो. म्हातारी माणसे ‘डोळ्यांपुढे माश्या येतात’ म्हणतात आणि कामाला लागतात. बहुतेकदा त्यांचे चुकतही नाही.

ही माशी फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात तिमिर या नेत्ररोगाच्या वर्णनात रोग्याला माश्या, डास, केस आणि जाळी दिसतात असे सांगितले आहे. युरोपातल्या वैद्यांनी याच अनुभवाला लॅटिनमध्ये ‘उडत्या माश्या’ असे नाव दिले. सुश्रुतसंहितेत पुढे पित्तज तिमिराच्या लक्षणांत काजवे आणि वीज दिसण्याचाही उल्लेख येतो. मला या यादीचे फार अप्रूप वाटते. माशी आणि वीज, दोन्ही टिपल्या गेल्या. मात्र त्यांची वाटणी दोषांनुसार झाली. त्या दोघी एकदम आल्या तर काय समजावे, हे कळण्यासाठी जिवंत डोळ्याच्या आत डोकावता येणे आवश्यक होते.

ती सोय 1851 मध्ये हेल्महोल्ट्झच्या नेत्रदर्शकाने झाली. डोळ्याच्या पोकळीत अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक गर असतो. वयाबरोबर तो पातळ होतो, त्यातले तंतू गोळा होतात आणि त्यांची सावली मागच्या दृष्टिपटलावर पडते; ती सावली म्हणजेच आपली माशी. पुढे साधारण पन्नाशी-साठीत हा गर दृष्टिपटलापासून सुटू लागतो. बहुतेकांचा तो बिनबोभाट सुटतो. पण तो एखाद्या जागी घट्ट चिकटलेला असला तर पटलाला ओढ बसते, आणि मेंदूला वीज चमकल्याचा भास होतो. ओढीने पटल फाटले तर त्या भोकातून पाणी मागे शिरते आणि, आपल्याकडे म्हणतात तसा, ‘पडदा सरकतो’.

सरकलेला पडदा म्हणजे गेलेला डोळा, अशीच विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत स्थिती होती. स्वित्झर्लंडमधल्या लोझानचे डॉ. ज्यूल गोनँ यांनी सगळा दोष त्या भोकाचा आहे हे ओळखले. ते भोक धुंडाळत, त्याची जागा नेमकी ठरवत आणि डाग देऊन ते बंद करत. समव्यवसायिकांना हे पटायला 1920 चे दशक सरावे लागले. आज फाटलेली कड लेझरने सांधता येते, पडदा सरकण्याआधीच. अट एकच, माणूस वेळेवर यायला हवा.

आणि इथे बार्शीचाच एक अनुभव सांगण्यासारखा आहे. 1987 मध्ये बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांसाठी इथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. डॉ. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन कोणती लक्षणे अंगावर काढू नयेत हे समजावत. काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका आधीच्या टप्प्यात उपचाराला येऊ लागल्या. 1995 मध्ये तसा शोधनिबंधही प्रसिद्ध झाला. रोग दुसरा, अवयव दुसरा, पण ‘कधी जायचे’ हे सांगण्याचे काम तेच.

तेव्हा वर्षानुवर्षांची ओळखीची माशी असू द्यावी; मेंदू तिच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. पण अचानक नव्या माश्यांचा थवा आला, काजळी उडाल्यासारखे दिसले, अंधारात कडेला वीज चमकली किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखी सावली आली, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. दुखत नाही म्हणून थांबू नये; पटल फाटताना दुखत नाही. जाड उणे नंबरचा चष्मा, मोतीबिंदूची झालेली शस्त्रक्रिया किंवा डोळ्याला लागलेला मार असेल, तर घाई अधिक. मधुमेह्याच्या डोळ्यात आत रक्तस्रावही झालेला असू शकतो. जवळ सोय नसेल तर सोलापूरची गाडी धरावी. तपासणीला बाहुली मोठी करणारे थेंब घालतात आणि काही तास धूसर दिसते, म्हणून सोबत घरातले कुणीतरी न्यावे.