नाव रेल्वेचे, कारभार तेलाचा, खुर्ची मतांची

टेक्सासमध्ये 'रेल्वे आयोगा'च्या निवडणुकीत मत देणाऱ्या नागरिकाची रेल्वेविषयी काही तक्रार असेल, तर ती ऐकून घेणारे तेथे कोणी नाही. 'रेलरोड कमिशन ऑफ टेक्सास' या संस्थेचा रेल्वेशी उरलासुरला संबंध २००५ मध्ये संपला. तेल आणि नैसर्गिक वायूच्या विहिरी, राज्यांतर्गत वाहिन्यांची सुरक्षितता, वायू पुरविणाऱ्या कंपन्यांचे दर आणि कोळशाच्या खाणी हे तिचे खरे कार्यक्षेत्र. अमेरिकेत सर्वाधिक तेल आणि वायू याच राज्यात निघतो. तेथील विहीर खोदण्याचा परवाना असो की विहिरीतून निघणारा वायू जाळून टाकण्याची सवलत, अखेरचा शब्द तीन आयुक्तांचा. आणि हे तिघेही मते मागून निवडून आलेले असतात.

आयोगाची स्थापना १८९१ ची. रेल्वे कंपन्यांच्या मनमानी भाडेवाढीविरुद्ध प्रचार करून गव्हर्नर झालेल्या जेम्स हॉग यांनी तो स्थापन केला. पहिले अध्यक्ष जॉन रेगन यांनी या पदासाठी अमेरिकन सिनेटच्या सदस्यत्वाचा राजीनामा दिला होता, यावरून पदाचे वजन लक्षात यावे. आरंभी गव्हर्नरने नेमलेले आयुक्त पुढे १८९४ च्या घटनादुरुस्तीने लोकनियुक्त झाले. बलाढ्य कंपन्यांशी लढणारा माणूस सरकारच्या नव्हे, तर जनतेच्या मर्जीवर असावा, हा त्यामागचा विचार. तो त्या काळाला साजेसा होता. मात्र १९१९ मध्ये तेल आणि वायूचे नियमन या आयोगाकडे आले आणि काही दशकांतच त्याच्यासमोरचा बलाढ्य पक्ष बदलला.

आयुक्ताची मुदत सहा वर्षांची. दर दोन वर्षांनी एका जागेसाठी राज्यव्यापी निवडणूक होते. किती वेळा उभे राहावे याला मर्यादा नाही. टेक्सासएवढ्या अवाढव्य राज्यात प्रचार करायचा, तर पैसा हवा. आणि रेल्वे आयोग म्हणजे काय, हेच ठाऊक नसलेला सामान्य मतदार त्यासाठी खिशात हात घालत नाही. खिशात हात घालतात ते या आयोगाचा कारभार नेमका जाणणारे, म्हणजे ज्यांच्या विहिरी आणि वाहिन्या आयोगाच्या अखत्यारीत येतात ते. कंपन्यांनी उमेदवाराला थेट पैसे देण्यास टेक्सासमध्ये बंदी असली, तरी व्यक्तींनी आणि राजकीय समित्यांनी द्यायच्या देणग्यांना या पदासाठी कमाल मर्यादा नाही. विधिमंडळाच्या अधिवेशनकाळात देणग्या घेता येत नाहीत, पण अधिवेशन दोन वर्षांतून एकदाच भरते.

हे सारे उघड गुपित आहे. सरकारी संस्थांचा ठराविक मुदतीने आढावा घेणाऱ्या तेथील 'सनसेट' आयोगाने या दुखण्यावर नेमके बोट ठेवले होते. आयुक्तांनी निवडणुकीच्या आसपासच्या मर्यादित काळातच देणग्या घ्याव्यात, ज्यांचे प्रकरण सुनावणीला आहे अशा पक्षकारांकडून त्या घेऊच नयेत, दुसऱ्या पदासाठी उभे राहायचे तर आधी राजीनामा द्यावा आणि संस्थेचे दिशाभूल करणारे नाव बदलावे, अशा सूचना २०१३ च्या अधिवेशनापुढे होत्या. विधेयक बारगळले. नावसुद्धा बदलले नाही!

निवडणुकीचे ओझे उतरल्यावर आयुक्त कसा वागतो, याचे एक बोलके उदाहरण २०२० मध्ये घडले. त्या वर्षी ३ मार्चला रिपब्लिकन पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षांतर्गत उमेदवार निवडीत, विद्यमान आयुक्त रायन सिटन हे जिम राइट यांच्याकडून अनपेक्षितपणे हरले. प्रचारनिधीत सिटन कितीतरी पुढे होते. पैसा जिंकण्याची हमी देत नाही, हेही यावरून दिसले. त्यांची मुदत मात्र वर्षअखेरपर्यंत होती आणि त्याच महिन्यात करोनाच्या साथीमुळे तेलाची मागणी कोसळली. सिटन यांनी १९७० च्या दशकापासून अडगळीत पडलेले हत्यार बाहेर काढले. विहिरींच्या उत्पादनावर मर्यादा घालण्याचा आयोगाचा हा जुना अधिकार. 'ओपेक' या तेल निर्यातदार देशांच्या संघटनेनेही त्याचाच कित्ता गिरवला होता. उत्पादनात २० टक्के कपात करावी, हा विषय त्यांनी लावून धरला आणि ओपेकच्या सरचिटणीसांशी बोलणीही केली. १४ एप्रिलची दूरस्थ सुनावणी दहा तासांहून अधिक चालली. पायोनियर आणि पार्सली या कंपन्या कपातीच्या बाजूने, तर एक्झॉनसारखे मोठे उत्पादक विरोधात. सहा दिवसांनी अमेरिकी तेलाचा वायदा इतिहासात प्रथमच शून्याखाली, उणे ३७.६३ डॉलरवर गेला. तरीही ५ मे रोजी प्रस्ताव दोन विरुद्ध एक मताने निकालात निघाला. सिटन यांची कल्पना शहाणपणाची होती की नाही, यावर दुमत होते आणि आहे. परंतु उद्योगात उभी फूट पाडणारा विषय एवढा ताणून धरणारे आयुक्त, पुन्हा मते मागायची नव्हती असेच असावेत, हा योगायोग नजरेआड करता येत नाही.

त्याहून गंभीर कसोटी फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळाने घेतली. ४५ लाखांहून अधिक घरे व आस्थापना अंधारात गेल्या; राज्याच्या आरोग्य विभागाने अंतिम अहवालात २४६ मृत्यू नोंदविले. वीजकेंद्रांची यंत्रणा गोठली, तशा वायूच्या विहिरीही गोठल्या. शिवाय अनेक वायुकेंद्रांनी आपली नोंद 'अत्यावश्यक ग्राहक' म्हणून केलेली नव्हती. त्यामुळे भारनियमनात त्यांचीच वीज तोडली गेली, वायू आणखी घटला आणि वायूवर चालणारी वीजकेंद्रे आणखी बंद पडली.

विजेचे नियमन करणाऱ्या आयोगाचे आयुक्त गव्हर्नरने नेमलेले. त्या तिघांनीही आठवड्यांच्या अंतराने राजीनामे दिले. वायूचे नियमन करणाऱ्या रेल्वे आयोगातून कोणीच गेले नाही. लोकनियुक्त आयुक्ताला घरी पाठवायचे, तर निवडणुकीची वाट पाहावी लागते.

ती निवडणूक २०२२ मध्ये आली. आयुक्त वेन ख्रिश्चन यांची जागा रिकामी होत होती आणि वादळानंतरच्या कायद्यानुसार वायुकेंद्रांना थंडीपासून बचावाचे नियम घालून देण्याचे काम याच काळात आयोगाच्या पटलावर होते. अवघे १५० डॉलर शुल्क भरून 'अत्यावश्यक' नोंदणीतून सूट मिळू शकेल, अशा पळवाटेवरून सिनेटरांनी सप्टेंबर २०२१ मध्ये आयोगाला धारेवर धरले होते. मार्चमध्ये ख्रिश्चन यांना स्पष्ट बहुमत मिळाले नाही, मे महिन्यात दुसरी फेरी झाली, ३० ऑगस्टला हिवाळी सज्जतेचा नियम संमत झाला आणि नोव्हेंबरमध्ये ख्रिश्चन सुमारे ५५ टक्के मतांनी पुन्हा निवडून आले. एका हाताने नियम लिहायचा आणि दुसऱ्या हाताने प्रचारपत्रक! १९९४ नंतर २०२४ पर्यंत टेक्सासच्या राज्यव्यापी निवडणुकीत एकही डेमोक्रॅट जिंकलेला नाही. साहजिकच आयुक्ताला खरी धास्ती असते ती पक्षांतर्गत लढतीची, आणि तिच्यात मोजके मतदार उतरतात.

अमेरिकेत वीज-वायूचे नियामक निवडून देणारी राज्ये दहाच्या आसपास आहेत. (आपल्याकडे २००३ च्या वीज कायद्याने राज्य आयोगाच्या सदस्यांची मुदत पाच वर्षे ठेवली असून त्याच पदावर पुनर्नियुक्तीच वर्ज्य केली आहे.) त्यांपैकी जॉर्जियात मात्र मतदाराला आयोगाचे काम समजावून सांगावे लागले नाही, ते दरमहा बिलातून घरी येत होते.

जॉर्जियात मतदानाच्या पद्धतीवरील न्यायालयीन वादामुळे २०२२ ची निवडणूक रखडली आणि आयुक्त टिम एकोल्स यांना मुदतीपलीकडे जवळपास तीन वर्षे मिळाली. तेवढ्या काळात व्होग्टल अणुवीज केंद्राच्या दोन नव्या संचांचा खर्च ३० अब्ज डॉलरच्या पुढे गेलेला होता आणि २०२३ पासून वीजबिल सहा वेळा वाढले. निवडणुकीला चार महिने असताना, १ जुलै २०२५ रोजी, आयोगाने मूळ दर २०२८ अखेरपर्यंत गोठविण्यास मंजुरी दिली. वादळांनी केलेल्या नुकसानीचा खर्च मात्र वेगळा ठेवला. मतदारांनी या सवलतीची वेळ ओळखली असावी. ४ नोव्हेंबरला ॲलिशिया जॉन्सन आणि पीटर हबर्ड या डेमोक्रॅटिक उमेदवारांनी अनुक्रमे एकोल्स आणि फिट्झ जॉन्सन यांना ६० टक्क्यांहून अधिक मते घेऊन हरविले.

नवे आयुक्त जानेवारीत सूत्रे घेणार होते. त्याआधी, १९ डिसेंबर २०२५ रोजी, प्रामुख्याने डेटा सेंटरच्या मागणीसाठी सुमारे १० हजार मेगावॉटची नवी वीज मिळविण्याचा जॉर्जिया पॉवर कंपनीचा प्रस्ताव आयोगापुढे आला. तो पाच विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. त्या पाचांत पराभूत झालेल्या दोघांचीही मते होती.