लघुसंदेशाद्वारे ग्रामीण रुग्णांचे आरोग्य-सर्वेक्षण : मलावी व केनिया येथील प्रयोगांचा ऐतिहासिक आढावा (२००५ ते २०११)

प्रस्तावना

ग्रामीण आरोग्यसेवेचा इतिहास हा बहुतांशी अंतराचा इतिहास आहे. रुग्ण एका गावी, दवाखाना दुसऱ्या गावी आणि रुग्णाविषयीची माहिती तिसऱ्याच ठिकाणच्या नोंदवहीत, अशी स्थिती अनेक देशांत दीर्घकाळ राहिली. माहिती गोळा होत असे, परंतु ती उपयोगी पडण्याची वेळ टळून गेलेली असे. ३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये पहिला लघुसंदेश पाठविला गेला, तेव्हा १६० अक्षरांच्या या साधनाचा असा काही उपयोग होईल, अशी कल्पना नव्हती. पुढे पंधरा-सोळा वर्षांतच आफ्रिकेतील ग्रामीण दवाखान्यांनी ते आपलेसे केले. प्रस्तुत लेखात मलावी व केनिया या दोन देशांतील प्रयोगांच्या आधारे या वाटचालीचा आढावा घेतला आहे.

मलावी : नोंदवहीकडून संदेशाकडे

२००५ मध्ये केन बँक्स यांनी ‘फ्रंटलाइनएसएमएस’ ही संगणकप्रणाली तयार केली. एक संगणक आणि त्याला जोडलेला एक मोबाइल एवढ्यावर ती चालत असे. इंटरनेटची गरज नव्हती. मलावीतील नामितेते येथील सेंट गॅब्रिएल रुग्णालयाच्या सेवाक्षेत्रात सुमारे अडीच लाख लोकसंख्या विखुरलेली होती. २००८ मध्ये तेथील ७५ स्वयंसेवी आरोग्य कार्यकर्त्यांना मोबाइल देण्यात आले. कोणता रुग्ण औषध घेत नाही, कोणाची प्रकृती बिघडली, हे कळविण्यासाठी पूर्वी करावी लागणारी पायपीट यामुळे पुष्कळशी टळली. घरी उपचार घेणाऱ्या ज्या क्षयरुग्णांचा पाठपुरावा रुग्णालयाला करता येत असे, त्यांची संख्या १०० वरून २०० वर गेली.

त्याच देशात २००९ मध्ये ‘युनिसेफ’च्या साहाय्याने ‘रॅपिडएसएमएस’ ही पद्धत बालकांच्या कुपोषण-सर्वेक्षणासाठी वापरण्यात आली. आरोग्य कर्मचारी बालकाचे वजन, उंची आणि दंडाचा घेर ठरावीक क्रमाने संदेशात लिहून पाठवीत. पूर्वी कागदी तक्ते राजधानीपर्यंत पोहोचण्यास एक ते तीन महिने लागत; आता तेच काम काही मिनिटांत होऊ लागले. नोंदींतील चुकांचे प्रमाणही घटले. या पद्धतीचा आणखी एक विशेष असा की, बालक कुपोषित असल्याचे आकड्यांवरून दिसताच कर्मचाऱ्याला तसे सूचित करणारा संदेश परत येत असे. माहिती केवळ वर जात नव्हती, खालीही येत होती.

केनिया : प्रश्न थेट रुग्णाला

मलावीत संदेश पाठविणारा आरोग्य कर्मचारी होता. केनियातील ‘वेलटेल’ प्रयोगात प्रश्न थेट रुग्णालाच विचारला गेला. २००७ व २००८ मध्ये एचआयव्हीवरील औषधोपचार नव्याने सुरू झालेल्या ५३८ रुग्णांची यासाठी निवड करण्यात आली. नैरोबीच्या गरीब वस्तीतील पुमवानी येथील दवाखान्याबरोबरच मसाई लोकांच्या काजियाडो या ग्रामीण भागातील दवाखानाही त्यात होता. २७३ रुग्णांना दर सोमवारी एकच शब्द पाठविला जाई : ‘मांबो?’ म्हणजे ‘कसं काय?’ रुग्णाने ४८ तासांत ‘सावा’ (ठीक आहे) किंवा ‘शिदा’ (अडचण आहे) असे कळवायचे होते. ‘शिदा’ म्हणणाऱ्यास परिचारिका फोन करीत. काहीच न कळविणाऱ्यासही करीत. मौन हेही येथे एक उत्तर मानले गेले.

या प्रश्नात रोगाचे नाव नव्हते, औषधाचा उल्लेख नव्हता. घरातील दुसऱ्या कोणाच्या हाती मोबाइल पडला तरी रुग्णाचे गुपित उघड होण्याची भीती त्यामुळे कमी झाली. एचआयव्हीभोवती असलेल्या सामाजिक कलंकाचा विचार करता ही बाब महत्त्वाची ठरते.

२०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. संदेश मिळालेल्या गटात ६२ टक्के रुग्णांनी औषधे नियमित घेतल्याचे सांगितले. संदेश न मिळालेल्या २६५ रुग्णांच्या गटात हे प्रमाण ५० टक्के होते. रुग्णाच्या सांगण्यावर पूर्णतः विसंबता येत नाही, हे खरे. परंतु रक्तातील विषाणूंचे प्रमाण नियंत्रणात असलेल्या रुग्णांचे प्रमाणही अनुक्रमे ५७ व ४८ टक्के आढळले.

मर्यादा

या यशाला दुसरी बाजूही आहे. पश्चिम केनियातील चुलाइम्बो या ग्रामीण केंद्रातील ४३१ रुग्णांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. आठवड्यातून एकदा स्मरणसंदेश मिळालेल्यांपैकी ५३ टक्के रुग्णांनी ४८ आठवड्यांत किमान ९० टक्के औषधे घेतली. संदेश न मिळालेल्यांत हे प्रमाण ४० टक्के होते. दररोज पाठविलेल्या संदेशांचा मात्र असा लाभ दिसला नाही. संदेश जितके अधिक, तितका परिणाम अधिक, हे गृहीतक त्यामुळे टिकत नाही.

अचूकतेचा प्रश्नही उरतोच. गुजरातमधील ग्रामीण आरोग्य कार्यकर्त्यांसह झालेल्या व २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लघुसंदेशाद्वारे नोंदविलेल्या माहितीत ४.५ टक्के चुका आढळल्या. तीच माहिती फोनवरून माणसाला सांगितली असता चुका ०.४५ टक्के, म्हणजे एकदशांश होत्या. शिवाय ‘वेलटेल’मध्ये सहभागी होण्यासाठी मोबाइल वापरण्याची सोय असणे आवश्यक होते. ज्याच्या घरी मोबाइल नाही, ज्याला अक्षरओळख नाही, त्याचे मौन कोणत्याही तक्त्यात आले नाही.

समारोप

वरील प्रयोगांवरून असे दिसते की, लघुसंदेशाने अंतर कमी केले, परंतु सर्वेक्षणाला अर्थ दिला तो संदेशामागे उभ्या असलेल्या माणसाने. ‘शिदा’ या शब्दानंतर फोन करणारी परिचारिका नसती, तर तो शब्द संगणकातील एक नोंद होऊन राहिला असता. प्रश्न विचारणाऱ्या व्यवस्थेवर उत्तराची जबाबदारी येते. ती पेलण्याची तयारी नसेल, तर असे सर्वेक्षण म्हणजे केवळ जलद भरलेली नोंदवही होय.