अंगणवाडी सेविकांचे सेवांतर्गत प्रशिक्षण

अंगणवाडी सेविकांचे सेवांतर्गत प्रशिक्षण : जन्मापासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचा शारीरिक, भाषिक, बौद्धिक व भावनिक विकास कसा होतो आणि त्याला अंगणवाडीत व घरी काय पूरक करता येते, याचे सेविकेला काम करता करता मिळणारे शिक्षण. नेमणुकीनंतर लगेच होते ते पायाभूत प्रशिक्षण. त्यानंतरची उजळणी शिबिरे, मासिक सभांतील पाठ, प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि अलीकडची मोबाइलवरची सत्रे या नोंदीचा विषय आहेत. महाराष्ट्रात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत. बहुतेक खेड्यांत शाळेत जाण्याआधी मुलाला भेटणारी पहिली शिक्षिका ही सेविकाच असते. शासनाच्या लेखी मात्र ती शिक्षिका नाही, कर्मचारीही नाही. ती मानधनावर काम करणारी कार्यकर्ती आहे. सेविकांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मान्य केले, तरी हा दर्जा बदललेला नाही. प्रशिक्षणाच्या बऱ्याच अडचणी या दर्जातूनच निघतात.

शासकीय योजनेच्या कितीतरी आधी हे काम सुरू झाले होते. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर काढले. ताराबाई मोडक तिथे त्यांना येऊन मिळाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. संघाने बालशिक्षिका तयार करण्याचे वर्ग चालवले, पण त्याहून दूरवर पोचली ती ‘शिक्षणपत्रिका’. गिजुभाई गुजराती आणि ताराबाई मराठी आवृत्ती पाहत. वर्ग संपवून गावी परतलेल्या शिक्षिकेच्या हाती दर महिन्याला काही नवे वाचायला पडावे, हा सेवांतर्गत शिक्षणाचा मराठीतला पहिला सातत्याचा प्रयत्न म्हणावा लागेल. १९३९ मध्ये मारिया मॉन्टेसरी भारतात आल्या. मद्रासजवळ अड्यार येथे त्यांनी घेतलेल्या वर्गामुळे देशभर मॉन्टेसरी शिक्षिकांची पिढी तयार झाली. ती मुख्यतः शहरी आणि सुस्थितीतल्या घरांसाठी.

ताराबाईंनी उलटी वाट धरली. १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र निघाले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ मध्ये काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी पाड्यावर न्यावी, यातून अंगणवाडी आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा आल्या. महागड्या मॉन्टेसरी साधनांच्या जागी चिंचोके, खडे, शंख, पाने, मातीची खेळणी आली. शिक्षिकाही त्याच पाड्यांतून घडवायच्या आणि त्यांचे शिक्षण चालत्या अंगणवाडीतच करायचे, हा कोसबाडचा धडा पुढच्या सरकारी यंत्रणेने अर्धाच उचलला. स्थानिक बाई घेतली. तिला शिकवायला मात्र अंगणवाडीपासून दूर, प्रशिक्षण केंद्राच्या बाकांवर बसवले.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. महाराष्ट्रात त्यांत मेळघाटातले धारणी आणि मुंबईतली धारावी होती. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य व पोषण शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा एकाच सेविकेकडे आल्या. प्रशिक्षणाची राष्ट्रीय सूत्रे दिल्लीच्या राष्ट्रीय लोकसहयोग व बालविकास संस्थेकडे राहिली. सेविकांसाठी प्रशिक्षण केंद्रे, पर्यवेक्षिकांसाठी मध्यस्तरीय केंद्रे अशी रचना उभी राहिली. सुरुवातीच्या प्रशिक्षणानंतर काही वर्षांनी आठवडाभराचे उजळणी शिबिर, असा क्रम होता. त्या आठवड्यात आहार, वजनाचे तक्ते, नोंदवह्या, लसीकरण यांना आधी जागा मिळे. बालविकास उरलेल्या वेळात, बहुधा बडबडगीते आणि कागदकामाच्या रूपात येई.

या विषयाचे खरे मर्म गाण्यांच्या यादीत नाही, मुलाकडे पाहण्याच्या सवयीत आहे. चांगल्या शिबिरात हमखास केला जाणारा एक प्रयोग स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांच्या अभ्यासावर आधारलेला आहे. सहा-सहा चिंचोक्यांच्या दोन सारख्या ओळी चार वर्षांच्या मुलासमोर मांडायच्या. दोन्हीकडे सारखे, असे मूल म्हणते. मग त्याच्या डोळ्यांदेखत एका ओळीतले चिंचोके लांब-लांब सरकवायचे आणि पुन्हा विचारायचे. या वयाची बरीच मुले लांब ओळीवर हात ठेवून ‘इथं जास्त’ म्हणतात. ‘चुकलं, नीट मोज’ असे म्हणण्याची सेविकेची पहिली ऊर्मी असते. मूल चुकलेले नाही, ते अजून संख्येपेक्षा लांबीवर विसंबते आणि त्याला रागावून हा टप्पा लवकर ओलांडता येत नाही, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की पाटीवर एक ते शंभर गिरवून घेण्याचा आग्रह आपोआप ढिला पडतो. पालक ‘अंगणवाडीत काहीच शिकवत नाहीत’ म्हणून मूल खासगी केजीत घालतात, तेव्हा त्यांच्याशी बोलायला सेविकेजवळ शब्द येतात ते यातूनच.

तीन वर्षांखालच्या मुलांबाबत विकासाचे टप्पे ओळखणे हा मुख्य भाग असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासानुसार आधाराशिवाय चालू लागण्याचे वय साधारण आठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत कुठेही असू शकते. ही रुंदी माहीत नसलेली सेविका एकतर उगाच घाबरवते, नाहीतर ‘चालेल हो, याचा बापही उशिराच चालला होता’ म्हणून खरोखर मागे पडलेल्या मुलाचे महत्त्वाचे महिने घालवते. अशा मुलाला पुढे पाठवण्याची सोय राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आहे. त्याचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे झाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची स्वतंत्र कार्यपद्धतीही आली.

२०१८ च्या पोषण अभियानाने शिबिराऐवजी टप्प्याटप्प्याने शिकण्याची पद्धत आणली. एकवीस लहान पाठ, दर महिन्याला थोडे शिकायचे, महिनाभर करून पाहायचे, पुढच्या सभेत त्यावर बोलायचे. कल्पना उत्तम होती, पण पाठ बहुतांशी पोषणाचे होते. बालशिक्षणाकडे केंद्राचे लक्ष ठळकपणे वळले ते मे २०२३ च्या ‘पोषण भी पढाई भी’ या मोहिमेने. तिच्या जोडीला २०२४ मध्ये दोन अभ्यासक्रम आले : जन्म ते तीन वर्षांसाठी ‘नवचेतना’ आणि तीन ते सहा वर्षांसाठी ‘आधारशिला’. महाराष्ट्राने त्याआधीच ‘आकार’ हा स्वतःचा बालशिक्षण अभ्यासक्रम आणि लहान बाळांसाठी ‘आरंभ’ हा उपक्रम आणला होता. ‘आरंभ’मध्ये युनिसेफ आणि सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे साहाय्य होते. त्यातल्या पालक मेळाव्यात सेविका डबे, झाकणे, चिंध्या, आरसा असे घरातलेच साहित्य मांडते आणि बाळाशी बोलायचे, खेळायचे कसे ते आईबापांना करून दाखवते. दुसऱ्याला शिकवताना सेविका स्वतः पक्की होते, म्हणून प्रशिक्षण म्हणून हा मेळावा अनेक व्याख्यानांना भारी आहे.

‘पोषण भी पढाई भी’ मोहिमेतले प्रत्यक्ष प्रशिक्षण तीन दिवसांचे, आणि तेही उतरंडीने येणारे : राष्ट्रीय प्रशिक्षक, मग राज्याचे मुख्य प्रशिक्षक, शेवटी सेविका. प्रत्येक पायरीवर थोडे गळते. वरच्या पायरीवर मूल हाताळून पाहिलेले असते. खाली येईपर्यंत त्याची पडद्यावरची चित्रे उरतात. डहाणूतली वारली, मेळघाटातली कोरकू, नंदुरबारची भिली किंवा पावरी, गडचिरोलीतली माडिया बोलणारी मुले या साहित्यात क्वचितच दिसतात, आणि तिथल्या सेविकेचा पहिला प्रश्न भाषेचाच असतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने वेगळी वाट सुचवली आहे. बारावी वा त्याहून अधिक शिकलेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, कमी शिकलेल्यांसाठी वर्षाची पदविका. शिक्षण दूरस्थ माध्यमातून, पण महिन्यातून किमान एक प्रत्यक्ष वर्ग आणि शालेय शिक्षण विभागाच्या केंद्रस्तरावरून मार्गदर्शन. धोरणाने तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा धरला असल्याने सेविका आणि पहिलीची शिक्षिका एकत्र बसून शिकाव्यात, हे ओघाने आलेच. अडचण प्रशासनाची आहे : अंगणवाडी महिला व बालविकास विभागाची, शाळा शिक्षण विभागाची.

स्वयंसेवी संस्थांनी या पोकळीत मोलाचे काम केले. रमेश पानसे यांनी १९८२ मध्ये सुरू केलेली ग्राममंगल डहाणू भागात, पुण्याचे सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस, वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याची क्वेस्ट यांची कामाची रीत एका बाबतीत सारखी आहे. प्रशिक्षक सेविकेच्या अंगणवाडीत जाऊन बसतो, तिला काम करताना पाहतो, कधी स्वतः करून दाखवतो आणि नंतर तिच्याशी बोलतो. सरकारी व्यवस्थेत हे काम पर्यवेक्षिकेचे आहे. तिच्याकडे अनेक अंगणवाड्यांचे बीट असते आणि भेटीत ती आहाराचा साठा, वजने आणि पोषण ट्रॅकर या मोबाइल अ‍ॅपमधील नोंदी तपासते. मुले खेळत असताना तासभर बसून पाहायला तिला सवड नसते. सेविकेचे प्रशिक्षण टिकवायचे असेल तर आधी पर्यवेक्षिकेला बालविकास शिकवावा लागेल आणि तिच्या भेटीच्या नमुन्यात मुलांच्या खेळाचे निरीक्षण हा रकाना घालावा लागेल. तोवर तीन दिवसांचे शिबिर हे हजेरीपटापुरतेच राहील.