सायरनच्या पेटीतला इतिहास

१९६०च्या दशकात अमेरिकेतल्या पोलिसांच्या आणि अग्निशमन दलांच्या गाड्यांमध्ये डॅशबोर्डखाली एक लोखंडी पेटी बसू लागली. समोर एक फिरवायचे बटण, एक माइक, मागे दोन जाड तारा. टपावर किंवा बॉनेटच्या आड एक कर्णा. शिकागोच्या फेडरल कंपनीच्या 'डायरेक्टर' आणि 'इंटरसेप्टर' या पेट्या त्या काळात बऱ्याच गाड्यांवर होत्या. आज त्या जुन्या गाड्या जतन करणाऱ्यांच्या हाती येतात तेव्हा बहुतेक मुक्या असतात. अशी पेटी पुन्हा बोलती करायची तर ती उघडावी लागते, आणि उघडली की दोनशे वर्षांचा इतिहास थरांसारखा दिसू लागतो.

सर्वांत खालचा थर फ्रान्समधला. १८१९ साली शार्ल कान्यार द ला तूर यांनी भोके पाडलेली एक तबकडी हवेच्या झोतावर फिरवली. भोक समोर आले की हवा सुटते, सरकले की अडते. त्या तुटक झोतांचा सूर होतो. सेकंदाला किती फेरे आणि तबकडीला किती भोके, यांचा गुणाकार म्हणजे सुराची कंप्रता. दहा भोकांची तबकडी सेकंदाला ४४ वेळा फिरली तर ४४० कंपनांचा सूर मिळतो. स्कॉटलंडच्या जॉन रॉबिसन यांनी आधीच्या शतकात असाच प्रयोग केला होता, पण नाव टिकले ते कान्यार यांनी दिलेले. त्यांचे यंत्र पाण्याखालीही गाऊ शकत असे, म्हणून त्यांनी त्याला होमरच्या महाकाव्यातल्या समुद्रगायिकांचे नाव दिले. म्हणजे जन्मतः सायरन हा इशारा नव्हता. ते सूर मोजण्याचे साधन होते; पुढे झेबेक आणि हेल्महोल्ट्झ यांनी ध्वनिशास्त्रातले वाद त्याच्याच साक्षीने लढवले.

मोजमापाचे साधन इशारा झाले ते धुक्यामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दीपगृहांवर वाफेचे सायरन आले. १८७३ साली जॉन टिंडल यांनी इंग्लंडच्या साउथ फोरलँड इथे तोफा, शिट्ट्या, कर्णे आणि सायरन यांचे आवाज समुद्रात कुठवर पोचतात हे तपासले, तेव्हा वाफेच्या सायरनने आपला वरचष्मा दाखवला. ज्या गायिका खलाशांना खडकांवर ओढून नेत, त्यांचेच नाव घेतलेले यंत्र आता त्यांना खडकांपासून दूर ठेवू लागले.

त्यानंतर विजेची मोटर आली आणि सायरन गाडीवर चढला. एक पंख्यासारखे चक्र, त्याभोवती खाचा असलेले कडे. मोटर सुरू केली की जड चक्र हळूहळू वेग घेते, सूर चढत जातो. बटण सोडले की चक्र स्वतःच्याच जोरावर फिरत राहते आणि सूर सावकाश उतरतो. तो चढउतार कोणी मुद्दाम रचलेला नव्हता. लोखंडाच्या जडत्वातून तो आपोआप आला. लोकांच्या कानांनी मात्र त्यालाच संकटाचा सूर मानले. दुसऱ्या महायुद्धात हवाई हल्ल्याच्या इशाऱ्यासाठी हाच चढता-उतरता आवाज ठरला, आणि सलग एकसुरी आवाज म्हणजे धोका टळला.

या मोटर-सायरनची एक अडचण होती. आजही अमेरिकेतल्या बंबांवर अभिमानाने मिरवला जाणारा फेडरलचा 'क्यू-टू-बी' १२ व्होल्टच्या बॅटरीतून शंभर अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो. पोलिसांच्या छोट्या गाडीला हे झेपणारे नव्हते. १९४७ च्या अखेरीस बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला. पुढच्या दशकात गाडीतल्या रेडिओसाठी जर्मेनियमचे ताकदवान ट्रान्झिस्टर बाजारात आले. त्यांच्या जोरावर फिरते चक्र काढून टाकून आवाज थेट विजेतून घडवता येऊ लागला. शिवाय त्याच अ‍ॅम्प्लिफायरला माइक जोडला की गर्दीशी बोलताही येई.

आता पेटी उघडू. आत ढोबळ चार भाग दिसतात. पहिला भाग सावकाश चढणारा-उतरणारा व्होल्टेज तयार करतो. दुसरा त्या व्होल्टेजप्रमाणे सूर घडवतो. अनेक संचांत हे काम युनिजंक्शन ट्रान्झिस्टर करत असे. तिसरा अ‍ॅम्प्लिफायर: दोन जाड ट्रान्झिस्टर, आळीपाळीने ढकलणारे. चौथा भाग वजनदार ट्रान्सफॉर्मर. कर्ण्याचा अवरोध सुमारे ११ ओहम आणि हवी ताकद १०० वॉट, तर कर्ण्यावर ३३ व्होल्ट पडायला हवेत. गाडीत असतात जेमतेम १२. ही तफावत तो ट्रान्सफॉर्मर भरून काढतो.

पहिल्या भागातली गंमत पाहण्यासारखी आहे. तिथे एक मोठा इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर असतो. बटण दाबले की तो भरत जातो, सूर चढतो; सोडले की रिता होतो, सूर उतरतो. म्हणजे बोटाएवढ्या डबीने मोटर-सायरनच्या चक्राच्या जडत्वाची नक्कल केली. नवे यंत्र जुन्याचाच आवाज काढत होते, कारण लोकांचे कान जुन्या आवाजाला सरावले होते. मिनिटाला दहा-पंधरा वेळा चढणाऱ्या-उतरणाऱ्या त्या सुराला 'वेल' म्हणतात. मग कोणी तरी तोच चढउतार कितीतरी पट वेगाने, मिनिटाला दीड-दोनशे वेळा, करून पाहिला. तो 'येल्प'. चौकात गाडी शिरताना वापरायचा हा आवाज कोणतेही लोखंडी चक्र काढू शकले नसते. नक्कल करता करता यंत्राला स्वतःचा गळा सापडला, तो इथे.

दुरुस्तीची रीत या रचनेवरून ठरते. पहिले काम, पेटीला बॅटरी न जोडणे. जुन्या गाड्यांपैकी काहींत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे, काहींत ऋण. पेटी कोणत्या पद्धतीची आहे हे न पाहता तारा जोडल्या तर उरलेसुरले ट्रान्झिस्टरही जातात. दुसरे काम, कर्णा काढून त्याजागी तेवढ्याच अवरोधाचा जाड रेझिस्टर लावणे. बंद खोलीत शंभर वॉटचा कर्णा वाजवणाऱ्याचे कान कायमचे बिघडू शकतात. रेझिस्टरही न लावता मोकळे चालवले तर ट्रान्सफॉर्मरमधून उसळणारा व्होल्टेज ट्रान्झिस्टरना मारतो. तिसरे काम, वीज देताना मालिकेत गाडीचाच एक दिवा जोडणे. आत कुठे शॉर्ट असेल तर दिवा लख्ख पेटतो आणि पेटी वाचते.

मग खरा प्रश्न विचारायचा: माइकवर बोलले तर आवाज पुढे जातो का? जात असेल तर अ‍ॅम्प्लिफायर आणि ट्रान्सफॉर्मर शाबूत आहेत, दोष सूर घडवणाऱ्या भागात किंवा निवडीच्या बटणाच्या गंजलेल्या संपर्कांत शोधावा. माइकही मुका असेल तर फ्यूज, मग ते दोन जाड ट्रान्झिस्टर, मग त्यांच्याखालची अभ्रकाची चकती तपासावी. जर्मेनियम तापले की जास्त प्रवाह गळू देते, प्रवाह वाढला की आणखी तापते. या फेऱ्यात सापडून अनेक ट्रान्झिस्टर जळलेले सापडतात. पेटी ठीक असून कर्णा गप्प असेल तर त्याच्या पडद्यामागची तारेची गुंडाळी तुटली का, हे मल्टिमीटर एका क्षणात सांगतो.

सूर येतो पण चुकीचा येतो, ही अवस्था सर्वांत बोलकी. वेल लावला आणि तो घाईघाईने येल्पसारखा धावू लागला, तर मोठा कॅपॅसिटर सुकला आहे. त्याची धारणशक्ती घटली म्हणून तो लवकर भरतो, लवकर रिता होतो. सूर वर चढतच नसेल तर तो गळतो आहे. थोडक्यात, त्या डबीतले ओलसर रसायन वाळले की लोखंडी चक्राची आठवणही वाळते.

आणि इथेच प्रश्न तंत्राचा राहत नाही. सुकलेला कॅपॅसिटर बदलला, जर्मेनियमच्या जागी सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर बसवले, तर पेटी गाऊ लागेल. पण जिचे निम्मे भाग आजचे, ती पेटी १९६०च्या दशकाची म्हणायची का? न बदलावे तर वस्तू अस्सल राहते, पण मुकी. हस्तलिखिताच्या बाबतीत असा पेच पडत नाही; फाटके पानही वाचता येते. आवाजाचे यंत्र एक तर वाजते, नाही तर नुसते लोखंड असते. माझ्या मते इथे गळ्याला देहापेक्षा जास्त किंमत द्यावी. मात्र काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून जपावा, काय कुठे बदलले ते लिहून ठेवावे, आणि बदलण्याआधीचा बिघडलेला आवाज, येत असेल तर, ध्वनिमुद्रित करावा. तोही त्या पेटीच्या वयाचा पुरावाच आहे.

आपल्याकडे हा इतिहास वेगळ्या वाटेने आला. मराठीत सायरनला कितीतरी जण अजून भोंगाच म्हणतात, आणि भोंगा म्हटले की आधी गिरणी आठवते. त्या वाफेच्या भोंग्यावर गिरणगावातली घरे उठत, जेवत, पाळी बदलत. जानेवारी १९८२ च्या संपानंतर ते एकेक करून थांबले. त्यांतला एकही आवाज दुरुस्त करून परत आणता येणार नाही, कारण तो ऐकून कामाला निघणारेच उरले नाहीत. बंबाची ओळख तर दीर्घ काळ पितळी घंटा होती. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत मुंबईत दिवे मालवायला लावणारा सायरन एका पिढीच्या कानात बसला. आणि दरवर्षी ३० जानेवारीला सकाळी अकरा वाजता तोच सायरन हुतात्म्यांसाठी दोन मिनिटांच्या शांततेची सुरुवात आणि शेवट सांगतो. धोक्यासाठी घडवलेला आवाज इथे मौनाच्या सेवेला लागला आहे.

आवाजाचा अर्थ यंत्रात नसतो, ऐकणाऱ्यांच्या संमतीत असतो. मोटार वाहन नियमांनी साध्या वाहनांना अनेक सुरांचे भोंगे बसवायला बंदी केली आणि रुग्णवाहिका, बंब, पोलीस यांना सवलत दिली, ती या संमतीच्या रक्षणासाठी. मे २०२५ मध्ये नागरी संरक्षण खात्याने वृत्तवाहिन्यांना सांगितले की हवाई हल्ल्याच्या सायरनचा आवाज कार्यक्रमांत वापरू नका. लोक त्याला सरावले तर खऱ्या वेळी कोणी हलणार नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये नाशिकमध्ये नितीन गडकरी यांनी रुग्णवाहिकांवर आकाशवाणीची धून वाजवण्याची कल्पना मांडली होती. वॉल्टर कौफमन यांच्या नावाने ओळखली जाणारी ती धून सुरेल आहे यात शंका नाही. पण ती ऐकून आपल्याला सकाळ आठवते, रस्ता सोडणे आठवत नाही. नवा अर्थ तिला चिकटायला एक पिढी जाईल, आणि मधल्या काळात रुग्णवाहिकेत कोणी तरी निजलेले असेल.

म्हणून दुरुस्त झालेली ती जुनी पेटी रस्त्यावर वाजवायची नसते. ती रेझिस्टरवर चालवून मीटरवर पाहावी, किंवा प्रदर्शनात, आधी सांगून, कर्णा जोडून एकदा ऐकवावी. चढता सूर टोकाला पोचला की बटण सोडावे आणि तो पूर्ण उतरेपर्यंत थांबावे. त्या उतरत्या सुरात, आता नसलेले एक लोखंडी चक्र अजून फिरत असते.