'योग्य' शिक्का आणि रिकामी नळी

वस्तीत कावीळ-जुलाबाचे रुग्ण वाढले की नळाच्या पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत जातात. दोन-तीन दिवसांनी 'पिण्यास योग्य' असा अहवाल येतो आणि विषय मिटतो. शास्त्रीय तपासणी झाली, मैल्यातले जंतू सापडले नाहीत, मग पाण्याला नावं कशाला ठेवायची?

हा पूर्वपक्ष दिसतो तितका लेचापेचा नाही. पाण्यातला एकेक रोगजंतू हुडकत बसणं कुणालाच परवडत नाही. ई. कोलाय माणसाच्या आतड्यात कायम मुक्कामाला असतो, त्यामुळे तो पाण्यात दिसला तर मैला मिसळला, हा पुरावा स्वस्त आणि भक्कम आहे. १०० मिलिलिटरमध्ये तो आढळू नये, असं आयएस १०५०० हे भारतीय मानकही सांगतं. माझी हरकत आहे ती तो न सापडण्यावरून काढलेल्या निष्कर्षाला. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून तो नाहीच, असं आपले मीमांसक मानत नसत. असता तर दिसला असता, अशी स्थिती असेल तरच न दिसणं हा पुरावा. याला ते योग्यानुपलब्धी म्हणत. अहवालातल्या 'योग्य'ला हाच प्रश्न विचारायला हवा.

आधी नळ्या पाहू. मॅकॉन्कीच्या जांभळ्या द्रावणाच्या पंधरा नळ्या, प्रत्येकीत एक चिमुकली उपडी नळी. पाचांत १० मिलिलिटर पाणी, पाचांत १, पाचांत ०.१. मग ३७ अंशांवर ४८ तास. जंतू वाढले की द्रावण पिवळं पडतं आणि उपड्या नळीत वायूचा बुडबुडा अडकतो. त्यातला थेंब पुन्हा ४४.५ अंशांवर वाढवायचा. त्या उष्णतेत माती-पाल्यातले बरेचसे कॉलिफॉर्म जंतू गळतात. शेवटी कोव्हॅकचे थेंब टाकल्यावर वर लाल कडं उमटलं की ई. कोलाय. पद्धत जुनी, पण संभाजीनगरच्या खाम नदीच्या गढूळ पाण्यालाही चालते. तिथे दुसऱ्या पद्धतीतला, जंतू अडवणारा गाळणपडदा बघता बघता तुंबतो.  आता बेरीज करा: पंधरा नळ्यांत मिळून तपासलं ५५.५ मिलिलिटर. एकही नळी पिवळी झाली नाही तरी तक्त्यात शून्य नसतं, १०० मिलिलिटरला '१.८ पेक्षा कमी' असतं. बोलताना आपणच त्याचं शून्य करून टाकतो. स्वच्छ पाणी पडद्यावर पूर्ण १०० मिलिलिटर गाळता येतं, म्हणून ही उणीव किरकोळ म्हणू.

बाटलीची गोष्ट तेवढी किरकोळ नाही. तिच्यात सोडियम थायोसल्फेट आधीच घातलेलं नसेल, तर नमुन्यातलं क्लोरीन प्रयोगशाळेच्या वाटेवरही जंतू मारत राहतं. नळाला जे होतं ते टेबलावर पोचतच नाही.

पण खरी गफलत वेळेची. फारोळ्याच्या जलशुद्धीकरण केंद्रातून निघालेलं पाणी आमच्या संभाजीनगरात वर्षानुवर्षं काही दिवसांआड येत आलं आहे. मधल्या काळात जलवाहिनीत दाब नसतो. गळक्या सांध्यांतून शेजारच्या गटारीचं पाणी आत झिरपू शकतं. हुबळी-धारवाडमध्ये एमिली कुंपेल आणि कारा नेल्सन यांनी चोवीस तास पाण्याचा भाग आणि खंडित पुरवठ्याचा भाग ताडून पाहिला, तेव्हा दुसऱ्या भागात ई. कोलाय कितीतरी जास्त वेळा सापडला. पाणी सुटल्यावरचा पहिला लोंढा विशेष दूषित असतो, हेही त्यांच्या कामातून दिसलं. आणि नमुना घेण्याचा नियम काय? नळ आधी काही मिनिटं वाहू द्यावा. सतत पाण्याच्या शहरात नियम रास्त आहे. आमच्याकडे मात्र त्या काही मिनिटांत दोन हंडे आणि एक बादली भरून झालेली असते.

शिवाय ई. कोलाय क्लोरीनने लवकर मरतो, काही विषाणू तग धरतात. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. यमुनेतून उपशाच्या जागी सांडपाणी आलं होतं, क्लोरीन वाढवलं गेलं. विषमज्वर, हगवण वाढली नाही, कावीळ मात्र पसरली. त्या साथीतल्या जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवर पुढे काम झालं, त्यात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचे संशोधकही होते. 'ए' नव्हे, 'बी'ही नव्हे, असा वेगळाच विषाणू असल्याचं १९८० मध्ये पुढे आलं. आज त्याला हिपॅटायटिस ई म्हणतात.

मग अहवाल फेकून द्यायचा? मुळीच नाही. त्यातला 'अयोग्य' मी डोळे मिटून मानतो. 'योग्य' मानायला मात्र दोन गोष्टी पाहीन: नमुना पाणी सुटताच, पहिल्या हंड्याचा घेतला होता का, आणि जागेवर ओटी टेस्ट केली होती का. क्लोरोस्कोपच्या नळीत ऑर्थोटोल्युडिनचे थेंब टाकले की क्लोरीन असल्यास पाणी पिवळसर होतं. उरलेलं क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवं. त्याला ४८ तास थांबावं लागत नाही. अहवाल हातात पडेस्तोवर ते पाणी कधीच पिऊन झालेलं असतं.